दाजींना एकही हाटेल पसंत नव्हतं

दाजी कुठल्याही हाटेलात पुढल्या दारानं जात नसत.

त्या वेळी मालवणात हाटेलं होती किती? बंदरावरून बाजारात यायचं म्हटलं तर चहाची चार दुकानं, उसळ-भजीची दोन आणि जेवणाच्या तीन खानावळी. या सगळ्यांची पाठली दारं दाजींना पाठ होती. परसातून शिरायचं, मोरी बघायची, विहीर किती लांब आहे ते बघायचं, चुलीवरच्या टोपात डोकावायचं आणि मग आतून बाहेर येऊन गिऱ्हाइकांच्या बाकावर बसायचं. मालक गल्ल्यावरून बघत राही. आपल्याच स्वयंपाकघरातून हा माणूस बाहेर आला म्हणजे त्याला बोलायचं तरी काय?

"दर्शनी भाग सगळ्यांचोच बरो आसता, मास्तरानु," दाजी मला म्हणत. "हाटेल पाठल्या दारान बगुचां."

मी मूळचा मसुऱ्याचा. मालवणच्या शाळेत मास्तर म्हणून लागलो तेव्हा दाजींच्या घराची कडेची खोली घेतली होती. पहिल्याच दिवशी बाजारात जेवून परत आलो तर दाजी पडवीत उभे. "खंय जेवलात?" मी सांगितलं. "पाणी कोणी दिल्यान?" तेही सांगितलं. "तेचो आंगठो खंय होतो?"

मला प्रश्नच कळला नाही. पाणी देणाऱ्याचा अंगठा पेल्याच्या बाहेर होता की पाण्यात, असं त्यांना विचारायचं होतं. मी बघितलं नव्हतं. दाजींनी माझ्याकडे असं बघितलं की मला बी. ए. झाल्याची लाज वाटली. "आंगठो बगूक नाय तर मगे जेवलात तरी कसे?" असं म्हणून ते आत गेले.

पुढे कळलं की बाजारात दाजींची पावलं वाजली की बाबल हाटेलवाला आतल्या पोरांना ओरडून सांगे, "दाजी इलो रे! आंगठे भायर!" त्या अर्ध्या तासात मालवणच्या हाटेलांतलं पाणी स्वच्छ असे. आम्ही शिक्षक मंडळी दाजींच्या मागोमाग चहाला जायचो ते त्यासाठीच.

त्यांच्याकडे एक वही होती. तिच्यात प्रत्येक हाटेलावर दोन-तीन शब्दांचा निकाल असे. "उसळ होय. मालक नाय." "चाय बरी. कपाचो कान नाय." एका खानावळीवर नुसतं "मांजर" असं लिहिलं होतं. त्याचा अर्थ मी चार वर्षं विचारला, दाजींनी सांगितला नाही. वहीच्या शेवटल्या पानावर पसंत हाटेलांची यादी करायची म्हणून वर रेघ मारून ठेवली होती. रेघेखाली काही नव्हतं.

आता यातली खरी गंमत सांगतो. हाटेलांतला हा एवढा जाणकार माणूस हाटेलात कधीच काही खात नसे. बाकावर बसे, पाणी मागे, पेला उजेडाकडे धरून बघे आणि तसाच ठेवून उठे. भजीचा घाणा समोर उतरला तरी त्यांचा हात पुढे जात नसे. कुणी म्हणे दाजी चिकट आहे. कुणी म्हणे स्वभावच किळस करणारा. मी दोन्ही म्हणत असे, दिवस बघून.

दाजी बंदर कचेरीत कारकून होते. बोट लागली, पडावातून माणसं धक्क्यावर उतरली की त्यात चारदोन परकी असायचीच, किल्ला बघायला आलेली. बिचारी ट्रंका सांभाळत विचारत, "इथं राहायला-जेवायला बरं कुठं?" हा प्रश्न धक्क्यावर दुसऱ्या कुणालाही विचारला असता तर चाललं असतं. पण ती नेमकी कचेरीच्या दारात उभ्या माणसाला विचारत. मग दाजी कचेरीतल्या शुद्ध मराठीत उलटतपासणी सुरू करत. "आपल्याला वरण पातळ लागतं की घट्ट? मुलांना तिखट चालतं? निजताना गाज ऐकू आली तर झोप येते का?" एक गृहस्थ कुठून आले होते कोण जाणे, बायको, सासू आणि चार मुलं. दाजींनी त्यांना घेऊन नऊ हाटेलांची पाठली दारं केली. प्रत्येक ठिकाणी काहीतरी निघालंच. दीड वाजला. धाकटं पोर रडायला लागलं. शेवटी दाजी त्या सातही जणांना घेऊन घरी आले आणि उंबऱ्यातून हाक मारली, "आक्का, सात पानां वाढ!"

आक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण. घरात ही दोघंच. दाजींनी लग्न केलं नव्हतं, आणि आक्काचं लग्न झालं त्याला लग्न म्हणावं असे दिवस तिच्या वाट्याला आले नव्हते. सोळाव्या वर्षी ती विधवा होऊन माहेरी आली. त्याच साली आई गेली. दाजी तेव्हा नऊ वर्षांचे होते. ती जी चुलीपुढे बसली ती बासष्टाव्या वर्षापर्यंत उठली नव्हती. स्वतः शिवराक, म्हणजे मासळीला न शिवणारी, आणि जेवणार तेही सगळ्यांची पानं उचलून झाल्यावर. बाहेरच्या हातचं पाणीसुद्धा तिनं सेहेचाळीस वर्षांत घेतलं नव्हतं.

आक्का फार बोलत नसे, पण बोलली की नेम चुकत नसे. त्या दिवशी सात पानं वाढून झाल्यावर माझ्याकडे बघून म्हणाली, "ह्येका एकय हाटेल पसंत नाय, म्हणान माजी चूल इजणा नाय."

मी हसलो. दाजी हसले नाहीत. ते पाट उचलत होते, तसेच थांबले.

त्या पावसाळ्यात आक्का तापानं पडली. महिनाभर निजून होती. डॉक्टर म्हणाले, ताप गेला तरी हिला चुलीपुढे बसवू नका, धुरानं छाती भरली आहे. चार दिवस हवापालट करा. मधल्या काळात दाजींनी स्वयंपाक केला. त्याविषयी मी जास्त लिहीत नाही. एकदा त्यांनी पेज केली, ती आम्ही दोघांनी चावून खाल्ली.

एक दिवस दाजी माझ्या खोलीत आले आणि दार लावून म्हणाले, "मास्तरानु, आक्काक पणजेक घेवन जातंय. चार दिवस. चूल नाय, पाट नाय, काय नाय."

गोवा मोकळा होऊन दोनेक वर्षं झाली होती. आमच्याकडची माणसं उठली की पणजीला जात होती, कुणी देवाला, कुणी नुसतंच बघायला. बेत चांगला होता. पण चार दिवस आक्का जेवणार काय? दाजींचं त्यावर उत्तर तयार होतं. मांडवीतल्या होड्यांचे तांडेल, एस. टी.चे ड्रायव्हर, सगळ्यांना विचारून त्यांनी पणजीतल्या शिवराक खानावळींची माहिती काढली होती. तीन नावं उरली होती. ती लिहून त्यांनी वही माझ्यापुढे धरली.

आक्कानं ऐकून घेतलं आणि सरळ नाही म्हणाली. दाजी दोन दिवस तिच्यामागे फिरले. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "देवाक कौल लाव. देव जंय सांगतलो, थंय जेवतलंय. दुसरीकडे पाणीय घेवचंय नाय."

झालं. सोमवारी आम्ही दाजींच्या गावच्या देवळात. आमच्याकडे कौल घ्यायचा तो असा: गुरवानं पाषाणाच्या उजव्या-डाव्या अंगाला ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, प्रश्न घालायचा आणि वाट बघायची. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. लग्नं, शेतं, नोकऱ्या, सगळं या पाकळ्यांवर ठरतं. खानावळ मात्र आजवर कुणी विचारली नव्हती.

गुरव बिचारा पाकळ्या लावून, हात जोडून गाऱ्हाणं घालू लागला. "बा देवा म्हाराजा, तुज्या ह्या लेकराक पणजेक जावचा आसा..."

"शिवराक सांग," दाजी मागून म्हणाले.

"शिवराक खानावळ म्हाराजा..."

"पाणी विहिरीचां. आणि आंगठो..."

गुरव वळला. "दाजीनु, देवाक पणजेतली हाटेलां म्हायत नसत. थोडक्यात इचारा."

पहिल्या नावाला डावी पाकळी तत्काळ पडली. दुसऱ्या नावाला अर्धा तास काहीच हललं नाही, मग डावी. तिसरं नाव होतं लक्ष्मीबायची खानावळ, फेरीच्या धक्क्याजवळ. गुरवानं नाव उच्चारलं आणि उजवी पाकळी टपकन खाली. दाजींनी एवढ्या मोठ्यानं "व्हय म्हाराजा!" म्हटलं की देवळावरचे कावळे उडाले.

दिवाळीच्या सुटीत आम्ही निघालो. मला सामान धरायला घेतलं होतं. पहाटेची एस. टी., कुडाळ, सावंतवाडी, बांदा. आक्का खिडकीशी नऊवारीचा पदर घट्ट धरून बसली होती. बरोबर पोह्यांचा डबा होता, पण गाडीत कसल्या कसल्या माणसांचा स्पर्श झालेला, म्हणून तिनं तो उघडलाच नाही. बेतीला उतरून फेरीबोटीत बसलो. पलीकडे पणजी दिसायला लागली, लाल कौलांची, नदीच्या काठानं पसरलेली. आक्का उभी राहून बघत होती. दाजी तिच्याकडे बघत होते.

धक्क्यापासून लक्ष्मीबायच्या खानावळीपर्यंत दाजी पुढे, आम्ही मागे. तांडेलानं सांगितलेल्या खुणा बरोबर जुळत गेल्या. पिंपळ आला, पाण्याचा नळ आला, निळ्या खिडक्यांचं घर आलं. त्याच्या शेजारचं दार उघडं होतं आणि आत सायकली टांगलेल्या होत्या.

एक माणूस चाकात हवा भरत होता. दाजींनी लक्ष्मीबायचं नाव घेतलं. "ती? ती गेली मडगांवां, धुवेगेर," तो म्हणाला, म्हणजे मुलीकडे. "वर्स जालें." आणि पुन्हा हवा भरू लागला.

दाजी तिथंच उभे राहिले. दुपारचे दोन वाजत आले होते. आक्काच्या पोटात पहाटेच्या पाण्याशिवाय काही नव्हतं, आणि ती महिन्याच्या आजारातून उठलेली. मी तिला नदीकाठच्या बाकावर बसवून परत आलो आणि दाजींना बाजूला घेऊन म्हटलं, "दाजी, समोरची खानावळ शिवराक दिसते. आक्काला वाचता येत नाही. हीच लक्ष्मीबायची म्हणून सांगू."

दाजी माझ्यावर असे कधी संतापले नव्हते. "आक्काक खोटां सांगान जेवक घालू? सेहेचाळीस वर्सां तिणां माका वाढल्यान, मास्तरानु. खोट्याचो घास तिका घालूचंय नाय." मग जरा थांबून, खालच्या आवाजात, "पण ती उपाशी रवली तर मी काय करू?"

मग त्यांनीच मार्ग काढला. दाजी म्हणाले, चार ठिकाणं बघून येतो, कुठंतरी अशी जागा असेल की आक्काला सांगता येईल, देवाला चालली असती. आणि ते एका बोळात शिरले. अर्थात पाठल्या बाजूच्या.

मी आक्काशेजारी जाऊन बसलो. काय झालं ते मला सांगायची गरज पडली नाही. सायकली तिनंही बघितल्या होत्या.

"दाजी खंय गेलो?"

"हाटेलं बघायला."

"बगतलो," आक्का म्हणाली. "तीस वर्सां बगता."

नदीतून एक पडाव शीड लावून चालला होता. आक्का त्याच्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मास्तरानु, तो हाटेलात कित्याक खाणा नाय, म्हायत आसा?"

मी म्हटलं, त्याला काही पसंत पडत नाही म्हणून.

"पसंत?" आक्का हसली. "लहानपणी तेका सगळां पसंत होतां. बारा वर्सांचो आसताना जत्रेक गेलो. थंय पोरांवांगडा भजी खाल्ल्यान, खाजा खाल्ल्यान, पोट भरान घराक इलो नि माका म्हणता, आक्का, माका भूक नाय. तिनीसांजेचो वेळ. मी सकाळपासून वाट बगीत बसलेलंय. तो जेवल्याशिवाय मी जेवणंय नाय, ह्यां तेका खंय म्हायत? मी टोप झाकलंय नि गप रवलंय. तेणां झाकलेल्या टोपाकडे बगल्यान, माज्याकडे बगल्यान. मगे रडलो मेलो. रडान रडान सांगल्यान, आक्का, आजपासून तू भायर जेवतलंस तेवाच मी भायर जेवतलंय." ती पडावाकडेच बघत होती. "मी म्हटलंय, लहान आसा, इसरतलो."

चार वर्षं मी या माणसाला चिकट म्हणत होतो. त्या वहीचं शेवटलं पान तो कुणासाठी राखून होता, ते मला तिथं, पणजीच्या बाकावर कळलं, आणि मला माझीच शरम वाटली.

आक्का एकदम उठली. पदर खांद्यावरून पुढे घेतला आणि म्हणाली, "चला, मास्तरानु. भूक लागली."

"कुठं?"

"ही काय समोर."

"पण आक्का, कौल?"

"माका घरातसून भायर काढूचा होता, तेवढ्यासाठी देवाची गरज लागली. इलंय मां भायर?" ती रस्ता ओलांडायलाही लागली. "लक्ष्मीबाय मडगावाक गेली तां देवाक म्हायत नसात? देवान आमका हयसर हाडल्यान, बस झाला. फुडला आपला आपण बगुया."

सेहेचाळीस वर्षांत बाहेरचं पाणी न प्यालेली ती बाई समोरच्या खानावळीत पुढल्या दारानं शिरली. मी सामान घेऊन मागे. आत चार टेबलं होती. एक जाडजूड बाई पुढे आली. "बस गो मांय, बस. शिवराक आसा." आक्का बाकावर बसली. बाकावर बसून जेवायचं असतं हे तिला सवयीचं नव्हतं, म्हणून आधी कडेला बसली, मग जरा आत सरकली. पाणी आलं. मी बघितलं, आणणाऱ्याचा अंगठा पेरापर्यंत पाण्यात होता. आक्कानं पेला उचलला, वरून धार धरली आणि सगळं पाणी पिऊन टाकलं.

पान वाढलं गेलं. भात, वरण, वालीची भाजी, वर काहीतरी नारळ घातलेलं. आक्कानं पानाला नमस्कार केला, डोळे मिटले आणि पहिला घास तोंडात घातला.

त्याच क्षणी आतून आरडाओरडा ऐकू आला. "कोण रे तूं? भितर कित्याक आयला? भायर सर!" भांडं पडल्याचा आवाज झाला. स्वयंपाकघराचं दार उघडलं आणि दाजी बाहेर आले. घामानं निथळत होते. मागून एक आचारी पळी उगारून. दाजींनी टेबलाकडे बघितलं आणि जागच्या जागी खिळले.

आक्काच्या तोंडात घास होता. तो तिनं सावकाश गिळला.

"बस," ती म्हणाली. "तुजां पान वाढूक सांगलंय."

दाजी बसले. आचारीही पळी खाली करून बघत राहिला. दाजींनी काही विचारलं नाही, कौलाचं, पाण्याचं, कशाचंच. ते नुसते आक्काच्या पानाकडे बघत होते. शेवटी कसंबसं म्हणाले, "काय आसा गे जेवणाक?"

"माका काय म्हायत?" आक्का म्हणाली. "तेंका इचार."

आणि बोलता बोलता तिचा हात थांबला. आपण काय बोललो याचं तिचं तिलाच नवल वाटलं असावं; जेवायला काय आहे हे आजवर तिलाच ठाऊक असे. तिनं पानातल्या त्या नारळाच्या पदार्थाला बोट लावलं, चाखलं आणि माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, "मास्तरानु, घास तोंडात घालीपर्यंत माका खबर नाय, मीठ कसां आसा तां."

दाजी जेवले. तीन वेळा भात घेतला. मधे मधे डोळे पुसत होते आणि वरण तिखट आहे असं सांगत होते. वरणात तिखट नव्हतं. मलाही चांगली भूक लागली होती.

चार दिवस आम्ही तिथंच जेवलो. पहिल्या दिवशी संध्याकाळी नदीकाठी बसलो होतो. पलीकडच्या डोंगरामागं ऊन गेलं होतं, फेरीबोट माणसं घेऊन येत-जात होती. आक्का पाय पसरून बसली होती. तिला असं रिकाम्या हातांनी बसलेलं मी कधीच पाहिलं नव्हतं. मग तिनं विचारलं, "दाजी, रातीक जेवणाक काय आसतला रे?"

हा प्रश्न मी जन्मभर रोज विचारत आलो, आधी आईला, मग बायकोला, बहुतेक वेळा कुरकुरत. तो विचारायला मिळणं हे केवढं सुख आहे, हे मला त्या बाईच्या तोंडून ऐकेपर्यंत माहीत नव्हतं.

"माका काय म्हायत?" दाजी म्हणाले.

"वालीची भाजी पुन्ना करूचे नाय. मुगागाठी आसतली?"

"आसतली."

"गोड काय तरी आसात?"

"आसतला तां आसतला, आक्का," दाजी म्हणाले. "तू नुसता बसान रव."